पाचवरचा उंचवटा : मिरकरवाडा आणि दिव्यांगांचा फोन

रत्नदुर्गाच्या डोंगराआड वसलेले मिरकरवाडा हे रत्नागिरी जिल्ह्यातले सर्वांत मोठे मासेमारी बंदर. दिव्यांग माणसाने कोणता फोन घ्यावा, या प्रश्नाला इथे वेळोवेळी जे उत्तर मिळत गेले त्यात दुकानदाराच्या सल्ल्याइतकाच बंदराचाही वाटा आहे. जेट्टीवर लिलावाचा गलका, बर्फ फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट आणि सहा सिलिंडर इंजिनांची धडधड एकाच वेळी चालू असते. धडधाकट कानांनाही खिशातली घंटा ऐकू येत नाही. हात ओले आणि खवल्यांनी माखलेले. पहाटेच्या अंधारात आकडे दिसत नाहीत आणि दुपारी पाण्यावरून उसळणाऱ्या उन्हात पडदा दिसत नाही. बंदरावरचा प्रत्येक माणूस दिवसातला काही वेळ कमी ऐकणारा, कमी पाहणारा आणि बोटांनी अधू असतो. जन्मभर तसे असणाऱ्याला जो फोन लागतो, जवळजवळ तसाच खलाशालाही लागतो. आणि खलाशी हे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे तसा फोन बराच काळ बाजारात टिकला. पुढे या दोघांच्या गरजांची फारकत झाली आणि दिव्यांगाची अडचण तिथून वाढली.

मासेमारी स्वतःही अपंगत्व देते. विंचच्या दोरात बोटे सापडणे हा ट्रॉलरवरचा ओळखीचा अपघात. वर्षानुवर्षे इंजिनाशेजारी बसणाऱ्या ड्रायव्हरचे ऐकणे हळूहळू मंदावते आणि ते त्याच्या आधी घरच्यांच्या लक्षात येते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. उतारवयात ऐकू न येणारे आणि दोन बोटे गमावूनही जाळे ओढणारे त्यात कितपत आले असतील, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. बंदरावर असा माणूस स्वतःला अपंग म्हणवून घेत नाही.

टेलिफोन आणि अपंगत्व यांचे नाते टेलिफोनइतकेच जुने आहे. १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा शिक्षक होता. त्याच्या बायकोला ऐकू येत नव्हते आणि आईलाही जवळजवळ ऐकू येत नव्हते. तरीही त्याच्या यंत्राने सगळ्यात आधी बहिऱ्यांनाच बाहेर ठेवले. अंधांचे उलट झाले. तारेवरच्या आवाजाला डोळे लागत नाहीत, म्हणून टेलिफोन ऑपरेटर ही अंधांसाठी जणू राखून ठेवलेली नोकरी बनली. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी त्यासाठी प्रशिक्षण दिले. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत बोर्डावर बसलेला अंध ऑपरेटर शेकडो एक्स्टेंशन तोंडपाठ ठेवी आणि नेहमीच्या माणसाचे नुसते ‘हॅलो’ ऐकून त्याला ओळखी.

ज्यांचे पाय किंवा हात अधू होते त्यांच्याकडे टेलिफोन आला तो पिवळ्या पाटीच्या बूथच्या रूपाने. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने देशी एक्स्चेंज बनवली, आणि दशकाच्या उत्तरार्धापासून एसटीडी-आयएसडी-पीसीओचे बूथ गावोगाव उभे राहिले. बूथ वाटताना अपंगांना प्राधान्य देण्याचे सरकारी धोरण होते. काचेचे दार, लाल आकड्यांचा मीटर, बोलणे संपताच करकरत बाहेर येणारी बिलाची चिठ्ठी आणि गल्ल्यावर बसलेला, कुबडी भिंतीला टेकवून ठेवलेला बूथवाला हे चित्र नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बूथाला विशेष भाव होता, कारण इथल्या मुसलमान घरांतली कितीतरी माणसे कुवेत, दुबई, सौदीला नोकरीस होती आणि इतर घरांचे चाकरमानी मुंबईत होते. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई, म्हणून मुंबईला फोन लावायला त्या वेळी रांग लागे. बूथवाल्याला मोहल्ल्यातल्या बऱ्यावाईट बातम्या नातेवाइकांच्या बरोबरीने कळत. एखाद्या अपंग माणसाभोवती सारी वस्ती रोज गोळा व्हावी, असा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही. मोबाइलने तोच धंदा बुडवला. दिव्यांगांच्या फोनची कथा सांगताना हे विसरले जाते की मोबाइल आला तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांचे पोट आधी गेले. हातात फोन त्यानंतर आला.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. ज्योती बसू केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईत सेवा सुरू झाली. मुंबई हे स्वतंत्र दूरसंचार मंडळ होते आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या मंडळात. या दुसऱ्या मंडळात सेवा उशिरा आली आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचायला तिला आणखी वेळ लागला. सुरुवातीला गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या वर जाई आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. ऑक्टोबर २००२मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आली, १ मे २००३पासून येणारा कॉल फुकट झाला आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट देण्याची योजना काढली. सामान्य खलाशाच्या, आणि त्याच्या घरातल्या अपंग भावाच्याही, हाती फोन येण्याचा काळ इथून धरायचा.

बंदरांनी मोबाइल इतक्या लवकर का उचलला, याचे उत्तर केरळात मोजले गेले आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारलीच्या बाजारांचा अभ्यास केला. फोन नव्हता तेव्हा होडी सवयीच्या बंदराला लागे. तिथे माल जास्त झाला की तारली फेकून द्यावी लागे, आणि काही मैलांवरच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. फोन आल्यावर नाखवा समुद्रातूनच भाव विचारू लागला आणि माल फेकणे जवळजवळ थांबले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, तर गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. मिरकरवाड्याची तारली, बांगडा आणि म्हाकूळही याच प्रकारच्या बाजारातून जातात. रेंजची मर्यादा मात्र होती. जीएसएम तंत्रात एका टॉवरची पोहोच जास्तीत जास्त ३५ किलोमीटर असते. राज्याची हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. टॉवर उंचावर असला तर हद्दीतली होडी फोनवर सापडू शकते, त्यापलीकडे व्हीएचएफ रेडिओ संच. आत शिरणाऱ्या होडीवर ठरावीक जागी सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले की किनारा जवळ आला असे समजावे.

या फोनांकडून बंदराची अपेक्षा सरळ होती : घंटा मोठी हवी, बॅटरी चार दिवस टिकावी, बटण ओल्या बोटाने दाबले जावे, पडला तरी फुटू नये. नोकियाचा ११०० हा २००३ साली बाजारात आलेला हँडसेट जणू याच यादीवरून बनवला होता. त्याचा कीपॅड एकसंध रबराचा होता, त्यामुळे फटीतून धूळ आत जात नसे. कडा हातातून न निसटणाऱ्या होत्या आणि माथ्यावर टॉर्च होती. जगभर तो २५ कोटींहून अधिक खपला. बनवणाऱ्यांनी तो भारतासारख्या देशातल्या साध्या गिऱ्हाइकासाठी काढला होता, दिव्यांगांचा विचार करून नव्हे; पण डोळ्यांनी अधू असलेल्याला त्याहून बरा फोन त्या किमतीत मिळणे अवघड होते.

याचे मर्म पाचच्या बटणात आहे. कुठल्याही कीपॅड फोनवर ५ या आकड्यावर, किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना, बारीक उंचवटा असतो. वरच्या ओळीत १-२-३ ही मांडणी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने माणसांवर चाचण्या घेऊन ठरवली आणि १९६३ साली बटणांचा फोन तिथे विक्रीला आला. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ती मांडणी प्रमाण मानली आणि पाचवर स्पर्शखूण ठेवण्याची शिफारस केली. अंगठा आधी त्या उंचवट्यावर टेकतो. तिथून एक घर वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. कोपऱ्यांत उरलेले चार. शून्यासाठी पाचवरून सरळ दोन घरे खाली. सराव झाला की दहा आकडी नंबर फोन लुंगीच्या घडीत ठेवूनही लावता येतो. आखातातून आलेला नातेवाईक जो नोकिया घेऊन येई त्याच्या बटणांवर अरबी अक्षरे असत. डोळस माणूस त्यावर थोडा अडखळे. अंधाला काही फरक पडत नसे, कारण उंचवटा अरबी बटणांवरही पाचलाच होता.

नंबर लावणे एवढ्यावर सुटत असे. कोणाचा फोन आला हे मात्र त्या फोनवर कळत नसे, कारण तो बोलत नव्हता. त्यावर लोकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. काही हँडसेटांत माणसागणिक किंवा गटागणिक वेगळी घंटा लावता येई. घरच्यांची एक, कामाची दुसरी, बाकीच्यांची तिसरी. स्पीड डायलवर २पासून ९पर्यंत आठ माणसे बसत, आणि बटण दाबून धरले की कॉल लागे. मेनू तर पावले मोजून चालल्यासारखा पाठ केला जाई : मधले बटण, खाली तीनदा, पुन्हा मधले. या पाठांतराचा एक परिणाम असा झाला की अंध माणूस फोन बदलायला नाखूश असे. नवे मॉडेल म्हणजे पाठ केलेला सगळा मेनू पुसून टाकणे. दुकानात चांगला भाव सांगितला तरी जुनाच फोन पुन्हापुन्हा दुरुस्त करून घेण्यामागे कंजुषी नसे.

२००८च्या आसपास बाजारात ‘चायना फोन’ची लाट आली. पाठीवर दोन-चार स्पीकर, दोन सिम, मोठे आकडे, किंमत नावाजलेल्या कंपनीच्या निम्मीही नाही. या फोनांना सुशिक्षित घरांत हसले गेले, पण त्यांच्यात एक सोय होती जी महागड्या फोनांत सहसा नसे : बटणाच्या आवाजाच्या यादीत ‘ह्यूमन व्हॉइस’ असा पर्याय असे आणि तो निवडला की दाबलेला आकडा बाईच्या आवाजात, इंग्रजीत, ऐकू येई. ती सोय बहुधा गंमत म्हणून ठेवली असावी. अंधांच्या दृष्टीने पाहिले तर स्वस्त किमतीत आकडा बोलून दाखवणारा फोन पहिल्यांदा मिळाला तो असा, कुठल्याही कल्याणयोजनेशिवाय. कानाने मंद असलेल्यांना त्याचे भोंग्यासारखे स्पीकर उपयोगी पडले. मात्र यातल्या पुष्कळ फोनांना आयएमईआय हा हँडसेटचा ओळखक्रमांक नव्हता, आणि २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. १ डिसेंबर २००९पासून असे फोन मोबाइल नेटवर्कबाहेर काढले गेले. मोठा आवाज, बोलणारी बटणे आणि टॉर्च हा साचा मग भारतीय कंपन्यांनी उचलला. मुंबईच्या आयबॉलने २०१०च्या सुमारास ‘आसान’ नावाचा मोठ्या बटणांचा फोन काढला. मदतीच्या हाकेसाठी त्याला पाठीवर वेगळे बटण होते. तो ज्येष्ठांसाठी म्हणून विकला गेला. ‘अपंगांचा फोन’ असे नाव दिले असते तर घरातल्या आजोबांनी तो हातातही धरला नसता, हे विकणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते.

खऱ्या अर्थाने बोलणारा फोन त्याआधीच अस्तित्वात होता, पण तो वेगळ्या जगातला होता. नोकियाच्या सिंबियन फोनांवर ‘टॉक्स’ किंवा बार्सिलोनाच्या कंपनीचे ‘मोबाइल स्पीक’ हे सॉफ्टवेअर घातले की पडद्यावरचा प्रत्येक शब्द वाचून दाखवला जाई : कोणाचा फोन, काय निरोप, बॅटरी किती. त्या सॉफ्टवेअरचीच किंमत साध्या हँडसेटपेक्षा जास्त होती आणि वाचन मुख्यतः इंग्रजीत होते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली सुरू झालेल्या झेवियर्स रिसोर्स सेंटरसारख्या ठिकाणी विद्यार्थी हे तंत्र शिकत. बँकेत नोकरी करणारे अंध ते वापरत. बंदरावरच्या घराला त्याचा उपयोग नव्हता. २०१३ साली ब्रेल अक्षरे उठून दिसणाऱ्या भारतीय स्मार्टफोनची बातमी जगभर गाजली, पण तो फोन दुकानापर्यंत आला नाही. तसाही त्याचा फायदा ब्रेल शिकलेल्यालाच झाला असता, आणि उतारवयात दृष्टी गेलेला तांडेल ब्रेल कुठून शिकणार!

बहिऱ्यांची वाट निराळी होती. ज्याला मुळीच ऐकू येत नाही त्याच्यासाठी मोबाइलचा पहिला उपयोग म्हणजे थरथर आणि एसएमएस. थरथर खिशात कळते, उशीखाली ठेवली तर झोपेतही कळते. एसएमएससाठी मात्र वाचता-लिहिता यावे लागे, तेही बहुतेक वेळा रोमन अक्षरांत, आणि ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला मराठी वाक्यरचनाही परकीच असते. रत्नागिरीत मूकबधिर मुलांची शाळा आहे. तिथे शिकलेल्याला एसएमएस साधला, शाळेत न गेलेल्याला नाही.

कानात यंत्र घालणाऱ्यांच्या वाट्याला वेगळाच त्रास आला. जीएसएम फोन रेडिओलहरी सलग सोडत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्याने सोडतो. हे तुकडे श्रवणयंत्राच्या तारांत शिरतात आणि फोन कानाशी नेला की भुंगा गुणगुणावा तसा आवाज येऊन बोलणे बुडते. सीडीएमए तंत्राच्या फोनांत हा भुंगा फारच कमी. रिलायन्स किंवा टाटा इंडिकॉमचा फोन जाणाऱ्या-येणाऱ्याला हलका वाटे, पण श्रवणयंत्रवाल्यासाठी तोच चांगला होता. पुढे सीडीएमए सेवा बंद झाली. अमेरिकेत २००३पासून कंपन्यांना काही मॉडेले श्रवणयंत्राशी जुळणारी ठेवणे भाग पडले आणि खोक्यावर एम३, टी३ असे दर्जे छापले जाऊ लागले; आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनच्या खोक्यावर ते शोधून सापडत नसत. उपाय एकच : यंत्र कानात घालूनच दुकानात जायचे आणि पैसे देण्याआधी फोन लावून पाहायचा.

मग बटणे गेली आणि काच आली. इथेच बंदराची आणि दिव्यांगाची गरज एकमेकींपासून दुरावली. दुरावण्याआधी काही काळ दोघांचीही सारखीच फजिती झाली, हेही खरे. सुरुवातीचे टचस्क्रीन दोन जातींचे होते. एक दाबाने चालणारे. नोकियाचा २००८चा ५८०० किंवा काडीसह मिळणारे चायना फोन या जातीचे. त्यांवर नख, लाकडी काडी, हातमोजा, कृत्रिम हाताचे टोक, काहीही चाले. दुसरी जात त्वचेतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतभाराने चालणारी, आणि बाजारात टिकली ती हीच. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर पडदा त्यालाच बोट समजतो; ओल्या हाताचा स्पर्श भलतीकडे उमटतो; कृत्रिम हात, जाड घट्टे पडलेले बोट किंवा कुष्ठरोगाने सुकलेले, आखडलेले बोट त्याला कळतच नाही. तंत्र म्हणून नवी काच सरस होती. विंचमध्ये बोटांची टोके गमावलेल्या माणसासाठी ती एक पाऊल मागे होती.

अंधांसाठी तर काच म्हणजे सपाट भिंत. पाच कुठे आहे हे सांगणारे त्यावर काही नाही. जून २००९मध्ये आयफोन ३जीएस ‘व्हॉइसओव्हर’सह आला तेव्हा या भिंतीतही दार काढता येते हे दिसले : बोट जिथे टेकेल तिथले नाव फोन बोलतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. आयफोन बंदरावर कोणाला परवडणारा नव्हता. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ही २००९चेच, पण पडद्यावर बोट फिरवत शोधण्याची सोय त्यात २०११च्या ४.० आवृत्तीपासून आली. मधल्या काळातले स्वस्त अँड्रॉइड, उदाहरणार्थ २०११ साली भारतात घरोघर पोहोचलेला सॅमसंग गॅलेक्सी वाय, २.३ आवृत्तीचे होते. घरातल्या मुलाने नवा फोन घेतला की जुना अंध काकाला द्यायचा, ही रीत त्या वर्षांत अंगाशी येई. कारण तो फोन काकाच्या हातात मुकाच राही आणि आधीचा कीपॅड तोवर मोडीत गेलेला असे. फोन दान म्हणून नको, आवृत्ती पाहून द्या, हे सांगणारे फारसे कोणी नव्हते.

भाषेची अडचण आणखी काही वर्षे राहिली. अँड्रॉइडच्या मेनूत मराठी २०१४च्या आवृत्तीपासून दिसू लागली, तरी वाचणारा आवाज बराच काळ एक तर इंग्रजी किंवा हिंदी होता. ई-स्पीक या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी होती, पण तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हिंदी आवाज देवनागरी मजकूर वाचतो, मात्र त्याला ‘ळ’ नीट जमत नाही आणि ‘चमचा’तला च व ‘चहा’तला च त्याला एकच. गूगलचा मराठी आवाज आल्यावर हे सुधारले. ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. तिचा फायदा अंधांना झाला, बोटे नसलेल्यांना झाला आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा असंख्य डोळस लोकांनाही झाला. मिरकरवाड्याची घरातली बोली पुस्तकी मराठी नव्हे, ती कोकणी वळणाची. म्हणून फोनशी बोलताना शाळेतली मराठी काढावी लागते.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. या दोन घटनांनी बहिऱ्यांसाठी बेलच्या यंत्राची १४० वर्षांची चूक दुरुस्त केली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. खुणांनी बोलणारी माणसे पहिल्यांदा दूरवर आपल्या भाषेत बोलू लागली. फोन निवडण्याची कसोटीही बदलली : घंटेच्या जागी पुढचा कॅमेरा, थोडा मोठा पडदा आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन उभा ठेवण्याची सोय. इंजिनाच्या आवाजात एका होडीवरून दुसऱ्या होडीशी हातवारे करून बोलणाऱ्या खलाशांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. त्यांनी स्वतः उचलला तो व्हॉट्सॲपचा बोलका निरोप. टाइप नको, वाचन नको. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागांची दिशा, अंतर आणि खोली कळवली जाते. अशी माहिती वाचण्याऐवजी ऐकायला मिळाली की डोळे अधू असलेला आणि शाळा न पाहिलेला दोघेही एकाच रांगेत येतात.

पैशांच्या बाबतीतही हेच घडले. २०१६च्या नोटबंदीनंतर आलेल्या नव्या नोटांचे आकार एकमेकांच्या इतके जवळ आहेत की बोटांनी नोट ओळखण्याची अंधांची जुनी रीत मोडली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे ॲप काढले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिची किंमत बोलते. मासळीबाजारात, ओल्या हाताने, समोर गिऱ्हाईक घाई करत असताना ते वापरणे कठीण. तिथे उपयोगी पडला तो गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर भरलेली रक्कम मोठ्याने पुकारणारा डबा. तो गलक्यात काम करणाऱ्या विक्रेत्यांसाठी बनला होता. अंध किंवा कमी दिसणारी विक्रेती त्यावरून हिशेब ठेवू शकते, हा त्याचा न मागता मिळालेला गुण.

सरकारी बाजू थोडक्यात सांगता येते. साधने घ्यायला मदत करणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१पासून आहे; तिच्यात चाके, कुबड्या आणि श्रवणयंत्रांच्या जोडीला पुढे पडदा वाचणारे सॉफ्टवेअर असलेला स्मार्टफोनही आला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७पासून अमलात आलेल्या २०१६च्या कायद्यात ते २१ झाले आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. त्याला जोडून भारतीय मानक ब्युरोने आयएस १७८०२ हे मानक काढले. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. मात्र फोन मिळाला तरी त्यात घालायचे सिम मिळवणे हा अडथळा उरतोच. त्यासाठी अंगठ्याचा ठसा लागतो, आणि जाळे ओढून, मीठ-बर्फात वर्षे काढून मच्छीमाराच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. बोटेच नसतील तर बोलायलाच नको. चेहरा दाखवून डोळे मिचकावा, अशी पर्यायी रीत आली ती डोळे नसलेल्यांना आणि ज्यांच्या पापण्या भाजल्या आहेत त्यांना पार करता येईना. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध वकील यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ओळख पटवण्याच्या या पद्धती सुगम करण्याचे आदेश दिले आणि डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आज फोन निवडताना पाहायच्या गोष्टी या सगळ्या इतिहासातूनच आलेल्या आहेत. अंधासाठी स्मार्टफोन घेताना दुकानातच आवाज वाढवण्या-कमी करण्याची दोन्ही बटणे एकदम तीन सेकंद दाबून टॉकबॅक सुरू करून पाहावे. बोट फिरवल्यावर आवाज मागे रेंगाळत असेल तर फोनची मेमरी कमी पडते आणि तो रोजच्या वापरात वैताग आणतो. इअरफोन लावायला गोल छिद्र असलेला बरा, नाहीतर बँकेचा ओटीपी साऱ्या बाजाराला ऐकू जातो. ठसा घेणारी जागा काचेखाली नको, बाजूच्या बटणावर हवी, म्हणजे बोटाला सापडते. श्रवणयंत्रवाल्याने कॉल लावून भुंगा ऐकावा. ज्याची बोटे अधू आहेत त्याने काच ओल्या हाताने हाताळून बघावी आणि बोलून हुकूम देण्याची सोय कुठल्या भाषेत चालते ते तपासावे.

खुद्द बंदरावर आता दोन फोनांची पद्धत आहे. काचेचा घरी किंवा केबिनमध्ये, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवलेला कीपॅड जेट्टीवर. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा काचेचा फोन दिवसभर हातात असतो. ऑगस्टमध्ये कीपॅड पुन्हा बाहेर निघतो. खलाशी ही अदलाबदल सोयीसाठी करतो. घरातल्या अंध किंवा बोटे गमावलेल्या माणसाकडे तोच कीपॅड बारा महिने असतो, आणि मार्च २०२२पासून त्यावर इंटरनेटशिवाय, नंबर लावून, बटणे दाबत यूपीआयचे पैसेही पाठवता येतात. बटणांच्या नव्या ४जी फोनांवरही पाचचा उंचवटा जागच्या जागी आहे.